खिडकीवाल्या चिपमधला खेळ
नव्वदच्या दशकात ठाण्यातल्या वर्तकनगरसारख्या वसाहतींत टीव्हीला जोडले जाणारे व्हिडिओ गेम बहुतेक निन्टेंडोच्या यंत्राच्या स्वस्त नकला होत्या. त्यांचे कार्ट्रिज उघडले, की आत सहसा काळ्या राळेच्या थेंबाखाली दडलेली चिप दिसते.

बाजारात कधीच न आलेल्या खेळाचा नमुना वेगळा. त्यात बहुधा ईप्रॉम चिप असते. तिच्या छोट्या पारदर्शक खिडकीतून अतिनील किरण सोडले, की आतला खेळ पुसला जातो. म्हणून खिडकीवर चिकटपट्टी लावतात. ती काढू नये! शिवाय चिपमधला विद्युतभार वर्षांगणिक झिरपतो. त्यामुळे नमुना सापडताच त्याची प्रत काढणे सर्वांत मोलाचे.

उदाहरणार्थ, निन्टेंडोच्या ‘मदर’ या खेळाची इंग्रजी आवृत्ती १९९० मध्ये तयार होऊनही विकली गेली नाही. नमुना कार्ट्रिजवरून १९९८ मध्ये तिची प्रत निघाली. कंपनीने ती अधिकृतपणे आणली थेट २०१५ मध्ये.