रिकीब लांबवून भागत नाही तेव्हा

इंग्लंडातल्या घोडेस्वारीच्या घरांत दर दोन-तीन वर्षांनी एक ठरलेला वाद झडतो. मुलगी 13-14 वर्षांची झालेली असते, पाय पोनीच्या पोटाखाली लोंबू लागलेले असतात आणि रिकिबीचा पट्टा सैल करता करता त्याची भोकं संपलेली असतात. आई म्हणते मोठा घोडा बघू, मुलगी म्हणते हाच हवा. वडील मनात हिशेब मांडत असतात : घ्यायचाच तर असा घ्यावा, की पुन्हा पाच वर्षं बघायला नको. तिघांपैकी सगळ्यात महागात पडतो तो वडिलांचा विचार. शाळेचा गणवेश दोन बोटं मोठा शिवलेला चालतो, घोडा चालत नाही.

आधी माप समजून घेऊ. घोड्याची उंची डोक्यापर्यंत धरत नाहीत. मान जिथे पाठीला मिळते, त्या उंचवट्यापर्यंत ती मोजतात. एकक आहे हँड, म्हणजे 4 इंच. टिंबानंतरचा आकडा सुटे इंच सांगतो, म्हणून 14.2 म्हणजे 14 हँड आणि 2 इंच, एकूण 58 इंच. स्पर्धांत पोनी आणि घोडा यांच्यामधली रेघ याच्या आसपास, 148 सेंटिमीटरवर आहे. ब्रिटनमध्ये तिच्याखाली 138 आणि 128 असे आणखी दोन गट आहेत. आंतरराष्ट्रीय पोनी स्पर्धांत स्वार 12 ते 16 वर्षांचा लागतो. त्यामुळे 15 वर्षांच्या मुलाला केवळ स्पर्धेसाठी महागडा पोनी घेणं म्हणजे एखाद-दुसऱ्या हंगामाची हौस.

पण नुसत्या उंचीवर पोनी पसंत करणं म्हणजे पुस्तक वजनावर घेणं. खरं बघायचं ते पोटाचा घेर. स्कॉटलंडचा हायलँड पोनी ठेंगणा असला तरी छातीपोटाने असा भरलेला असतो, की लांब पायही त्याच्या कुशीला नीट बिलगतात. त्याच उंचीच्या सडपातळ पोनीवर तेच पाय हवेत लोंबतात. वेल्श जातीचे तर चार विभागच आहेत. ‘ब’ आणि ‘क’ दोन्हींची कमाल उंची 13.2, पण ‘ब’ नाजूक बांध्याचा आणि ‘क’ दणकट. उंच शिडशिडीत मुलाला ‘क’ जास्त दिवस पुरतो.

परीक्षा सोपी आहे. मुलाला बसवा, रिकिबी योग्य लांबीवर घ्या आणि दहा पावलं बाजूला जाऊन बघा. तळवा पोटाच्या रेषेच्या जवळपास असेल तर ठीक. तो फार खाली गेला, तर इशारा देताना मुलगा टाच वर ओढू लागतो आणि गुडघे खोगिराच्या पाखीबाहेर जातात. उडी मारताना तर जास्तच पंचाईत होते. लांब धड पुढे झुकलं, की सगळा भार पोनीच्या खांद्यावर येतो आणि तो अडथळ्यापुढे थबकतो. दोष मात्र पोनीच्या माथी मारला जातो.

वजनाचं काय? स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपुढे जाऊ नये, असा रूढ दंडक आहे. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांवर 15, 20, 25 आणि 30 टक्के भार देऊन पाहिला. 25 च्या पुढे स्नायू दुखावल्याच्या खुणा ठळक दिसल्या. 20 टक्क्यांच्या दंडकाने 300 किलोच्या पोनीवर सगळं मिळून 60 किलो. खोगीर, बूट, हेल्मेट यांचे 8-10 किलो वजा केले तर स्वार 50 किलोचा. म्हातारा, बेढब सुटलेला किंवा नुकता फिरायला लागलेला पोनी असेल तर त्याहूनही कमी.

वाढीच्या वयात आधी हातपाय लांबतात, धड मागून भरतं. त्या मधल्या वर्षभरात चांगल्या स्वाराचाही तोल बिघडतो. अशा वेळी त्याला उंच, तापट घोड्यावर चढवणं मला तरी अविचार वाटतो. त्याहून मोठा अविचार म्हणजे ‘दोघं बरोबरच वाढतील’ म्हणून तीन वर्षांचं शिंगरू घेणं. घोड्याचा सांगाडा पक्का व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. शिकणाऱ्याला शिकलेलाच घोडा हवा.

मुलीचा हट्ट कधी खराही ठरतो. स्ट्रोलर हा 14.1 हँडांचा पोनी. त्याची स्वार मॅरियन कोक्स हिचं पोनी स्पर्धांचं वय संपलं तेव्हा तिच्या वडिलांनी तो विकायचं मनात आणलं होतं, ती अडून बसली. 1967 मध्ये दोघांनी उड्यांच्या स्पर्धेतली हिकस्टेड डर्बी जिंकली आणि 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये, घोड्यांसाठी रचलेल्या अडथळ्यांवरून उड्या मारत, वैयक्तिक रौप्यपदक. मात्र स्ट्रोलर विलक्षण होता. त्याच्या नावाने कुणी घरचा थकलेला पोनी दामटू नये.

मूल वाढतं आणि पोनी लहान पडतो, यावर ब्रिटनमध्ये उपाय रुळला आहे : पोनी विकत न घेता वर्ष-दोन वर्षं सांभाळायला घ्यायचा, मूल मोठं झालं की मालकाकडे परत किंवा पुढच्या घरी. आपल्याकडे ही साखळीच नाही. पुण्या-मुंबईतल्या रायडिंग स्कूलमध्ये शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात, बहुतेक 15 हँडांच्या वरचे आणि अंगातली रग न गेलेले. लहान तट्टूवरून मूल थेट त्यांच्यावर जातं. मधली पायरी गायब. ती काठियावाडी भरून काढू शकेल, कारण त्याची उंची साधारण 14.2 च्या आसपास असते. भीमेच्या खोऱ्यातला काटक भीमथडीही त्याच पायरीवर शोभेल. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेत मुलासाठी घोडा बघायला जाणाऱ्याने नाचणाऱ्या घोड्यांच्या कोंडाळ्यातून बाहेर पडावं. मागच्या रांगेत दहा-बारा वर्षांचा, गर्दीत कान न टवकारणारा, पाय उचलू देणारा घोडा शोधावा आणि पैसे मोजण्याआधी मुलाला त्याच्यावर दुडक्या चालीने फिरवून बघावं.