जुन्या स्प्लेंडरची लाइट का जाते? आधी मोजा, मग पार्ट बदला

ज्यांना भाग ऐकण्यापेक्षा गाडीशेजारी बसून मोबाइलवर वाचत काम करायचंय, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. आज फक्त वायरिंग, आणि तीही एकाच गाडीची. किकवाली जुनी स्प्लेंडर, जिच्या टाकीवर अजून ‘हिरो होंडा’ लिहिलंय. १९९४ साली बाजारात आलेली ही गाडी बाबांकडून नाहीतर काकांकडून आपल्याकडे येते, आणि सोबत वीसेक वर्षं ऊन-पाऊस खाल्लेली वायरिंगही येते. दुसऱ्या जुन्या शंभर सीसी गाड्यांनाही यातलं बरंच लागू पडतं, पण वायरचे रंग कंपनीगणिक बदलतात. तेवढं लक्षात ठेवा.

विषय आत्ताच का घेतला? कारखान्यांचे धुराडे पेटलेत. रात्री रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात, कित्येकींना मागे रिफ्लेक्टरचा पत्ता नसतो. अशा रस्त्यावर हेडलाइट अचानक गेली तर काय होतं हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. आणि दुसरं कारण खिशाचं. एका गॅरेजात ‘कॉइल गेली’, दुसऱ्यात ‘आरआर गेलं’, तिसऱ्यात ‘सगळी वायरिंगच टाका नवी’. मीटर कुणी लावतच नाही. अंदाजाने पार्ट बदलत राहायचं आणि पैसे आपण देत राहायचं.

तर मुद्दा असा, की या गाडीत दोन वेगवेगळे करंट खेळतात. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा शोध तिथेच संपतो.

इंजिनच्या डाव्या बाजूला मॅग्नेट असतं. इंजिन फिरलं की ते एसी करंट तयार करतं. हेडलाइट आणि मागचा लाल दिवा या एसीवरच चालतात, वर अंकुश ठेवायला फक्त रेग्युलेटर, म्हणजे आपलं आरआर युनिट. ठिणगीसाठी सीडीआयला लागणारा करंटही मॅग्नेटमधूनच येतो. आरआर युनिट याच एसीतला काही भाग डीसी करून बॅटरीत भरतं. आणि बॅटरीवर काय चालतं? हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट, न्यूट्रलचा हिरवा दिवा.

म्हणजे बघा, बॅटरी काढून ठेवली तरी ठिणगी पडते आणि ही गाडी किकवर सुरू होते. त्यामुळे ‘सुरू होत नाही ना, बॅटरी बदल’ हा सल्ला सेल्फवाल्या गाडीला ठीक आहे, हिला नाही. तसंच गाडी हळू केली की हेडलाइट मंद होते, हा बिघाड नव्हे. मॅग्नेट हळू फिरलं की करंट कमी, इतकंच. मात्र ॲक्सिलरेटर पिळल्यावरही लाइट मंदच राहिली, किंवा नवा बल्ब दोन-चार दिवसांत उडायला लागला, तर ते दुखणं आहे. हेडलाइटच्या मागोमाग मागचा बल्बही उडाला, तर माझा पहिला संशय आरआर युनिटवर आणि त्याच्या अर्थवर. बल्बची कंपनी बदलून काही होणार नाही.

आता मोजणी. साधा डिजिटल मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. साइड पॅनेल काढा, लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला. गाडी काही तास बंद असेल तर चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती उतरलीय. मग इंजिन सुरू करून रेस वाढवा. आकडा चढून साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान जायला हवा. चढलाच नाही तर चार्जिंग होत नाही, अशा वेळी नवी बॅटरी टाकून उपयोग नाही, तीही आठवड्यात उतरेल. १५ च्या वर गेला तर आरआर युनिट बॅटरीला अक्षरशः उकळतंय. आणि एक, इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढून बघू नका. जुन्या मिस्त्री लोकांची ही सवय आहे, पण अशाने व्होल्टेज उसळून उरलेसुरले बल्बही जातात.

आकडे बरोबर आले तरी हॉर्न घोगरा आणि इंडिकेटर सुस्त? मग माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणारी जागा बघा, ती म्हणजे अर्थ. या गाडीत हिरवी वायर अर्थची. प्रत्येक दिव्यातून गेलेला करंट हिरव्या वायरीने आणि चासीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत येतो. जायची वाट सगळे तपासतात, यायची कुणी तपासत नाही.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. गाडी नवीकोरी दिसावी म्हणून त्याने चासीला पावडर कोटिंग करून घेतलं. त्यानंतर हॉर्न बसला, इंडिकेटर पेटून नुसते तेवत राहायचे. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. मी त्याला म्हटलं, मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लाव, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि हॉर्न दाबून धर. तिथे ०.२ व्होल्टच्या वर काही दिसायला नको. त्याच्याकडे तीनच्या पुढे आकडा! हॉर्नच्या वाट्याचे तीन व्होल्ट वाटेतच जिरत होते. हिरव्या वायरीचा बोल्ट खोलला तर खाली कोटिंगचा जाड थर, म्हणजे लोखंडाला वायर टेकतच नव्हती. पॉलिश पेपरने तेवढी जागा घासली, बोल्ट आवळला, वरून थोडं ग्रीस लावलं. खर्च शून्य.

पाण्याच्या प्रेशरने धुतलेल्या आणि कोकणातल्या खाऱ्या हवेतल्या गाड्यांत हेच दुखणं कपलरमध्ये असतं. कपलर ओढून उघडा. आतली पिन पितळी दिसायला हवी. हिरवट गंज असेल तर घासून साफ करा. वायर तुटायची आवडती जागा म्हणजे हँडलची मान, कारण प्रत्येक वळणाला वायरिंग तिथेच वाकतं. रात्री इंजिन चालू ठेवून हँडल डावी-उजवीकडे पूर्ण फिरवा. लाइट लपकली तर शोध तिथेच. सीटखाली उंदरांचं काम असतं, ते नुसतं बघूनच कळतं.

आता गाडी मध्येच बंद पडत असेल तर. आधी पेट्रोल बघा, हसू नका. मग प्लग काढून कॅपमध्ये बसवा, त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवा आणि किक मारा. प्लग हातात धरायचा नाही, आणि प्लगच्या भोकाजवळ किंवा सांडलेल्या पेट्रोलजवळ हा प्रयोग नको. निळसर ठिणगी दिसली तर इलेक्ट्रिकचा प्रश्न नाही. नसेलच, तर सीडीआय विकत घ्यायच्या आधी काळ्यावर पांढरी रेघ असलेली वायर शोधा. ही गाडी बंद कशी होते माहितीये? चावी बंद केली की ही वायर अर्थला जोडली जाते आणि ठिणगी थांबते. म्हणजे ती कुठे घासून चासीला लागली, किंवा चावीच्या स्विचमध्ये पाणी गेलं, तर चावी चालू असूनही गाडीला वाटतं आपण बंद आहोत. ही वायर सीडीआयपाशी सोडवून किक मारा. ठिणगी आली तर सीडीआय आणि कॉइल दोन्ही ठणठणीत, दोष वायरीत किंवा स्विचमध्ये. फक्त अशा वेळी चावीने इंजिन बंद होणार नाही. गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून बंद करा. आणि वायर तशीच लोंबकळत ठेवून फिरू नका, त्या गाडीला किल्लीची गरजच उरत नाही.

फ्यूज वारंवार उडत असेल तर चॉकलेटची चांदी गुंडाळणाऱ्याला हात लावू देऊ नका. फ्यूज उडतो कारण कुठेतरी वायर जळायच्या बेतात आहे. चांदी लावली की वायर जळते, आणि तिच्या वरच पेट्रोलची टाकी असते.

शेवटी सगळ्यात जास्त आलेला प्रश्न: ‘दादा, हेडलाइट बॅटरीवर घेऊ का? मंद होणार नाही.’ हिशोब करा. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर खातो. किकवाल्या स्प्लेंडरची बॅटरी २.५ अँपिअर-अवरची. चार्जिंग कमी पडलं तर तासाच्या आत ती रिकामी, मग लाइटही नाही आणि हॉर्नही नाही. कमी वॅटचा चांगला एलईडी घेऊन जमतं, पण आधी चार्जिंगचा आकडा बघा.

तुमचे आकडे व्हॉइस मेसेजवर पाठवा. सांगताना इंजिन बंद होतं की चालू हे नक्की बोला, नाहीतर आकड्यावरून मला काहीच सांगता येत नाही.