वीजबिलाला ऑटोपे लावताय? आधी तारखा बघा

कल्याण-डोंबिवलीकरांनो, महावितरणचं बिल ७ दिवसांत भरलं तर कर वगळून १ टक्का सूट मिळते. मुदत टळली की १.२५ टक्के विलंब आकार. ऑटोपेचे पैसे शेवटच्या तारखेला कापले जाणार असतील तर दंड वाचतो, सूट मात्र हुकते. तरीही सतत फिरतीवर असणाऱ्यांनी ऑटोपेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत. कमाल रक्कम मे महिन्यातल्या एसीच्या बिलाला पुरेल अशी ठेवा, नाहीतर नेमकं तेच बिल अडकेल. पैसे कापण्याच्या २४ तास आधी मेसेज येतो, तो वाचा. कागदी बिलाऐवजी ई-मेल घेतलंत तर त्याचीही सूट मिळते. आणि भाडेकरूंनो, घर सोडताना ऑटोपे आठवणीने रद्द करा!