माथेरानचा लाल रस्ता आणि आपले ओझे

उन्हाळ्याच्या सुटीत यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी येथील कुटुंबे थंड हवेच्या ठिकाणाचा बेत करू लागली की माथेरानचे नाव निघतेच. धामणगाव किंवा बडनेरा येथून रेल्वेने कल्याण, तेथून लोकलने नेरळ आणि पुढे घाटाचा चढ, असा हा प्रवास. सुमारे आठशे मीटर उंचीवरील हे छोटे गाव रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात आहे. त्याचे खरे वैशिष्ट्य दस्तुरी नाक्यावर कळते. मोटार कितीही महागडी असो, तिला तेथेच थांबावे लागते. पुढचे अडीच-तीन किलोमीटर पायांचे.

नाक्यापासून बाजारपेठेत जाणारा महात्मा गांधी मार्ग हा गावाचा कणा आहे. दोन्ही बाजूंना दाट झाडी, पायाखाली जांभ्या दगडाची तांबडी माती. बाजारात चिक्की, मध आणि चामडी चपलांची दुकाने, गुजराती व जैन भोजन देणारी उपाहारगृहे आणि मधोमध छोट्या गाडीचे स्थानक. हॉर्नचा आवाज नसल्यामुळे माणसांचे बोलणे आणि पक्ष्यांचा कलरव स्पष्ट ऐकू येतो.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी 1850 मध्ये हे पठार प्रकाशात आणले. आदमजी पीरभॉय कुटुंबाने स्वतःच्या पैशाने बांधलेली दोन फुटी रुंदीची रेल्वे 1907 मध्ये सुरू झाली. शकुंतला गाडीच्या आठवणी जपणाऱ्या यवतमाळकरांना या नागमोडी रुळांचे अप्रूप अधिकच वाटते. 4 फेब्रुवारी 2003 रोजी केंद्र सरकारने माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केले आणि वाहनबंदीच्या जुन्या परंपरेला नवे बळ मिळाले.

परंतु जेथे वाहन नाही, तेथे ओझे नाहीसे होत नाही. ते कोणाच्या तरी पाठीवर जाते. माथेरानमध्ये ते घोड्यांच्या पाठीवर, हमालांच्या डोक्यावर आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या खांद्यांवर गेले. एक माणूस पुढे ओढतो, दुसरा मागून ढकलतो आणि तिसरा आत बसून निसर्ग पाहतो, हे दृश्य या रस्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले.

जैन शास्त्रांनी या दृश्याकडे पाहण्याची दृष्टी फार पूर्वीच दिली आहे. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगताना बंध, वध, छेद आणि अन्नपाननिरोध यांच्यासोबत ‘अतिभारारोपण’ याचा उल्लेख येतो. जीवावर त्याच्या शक्तीपलीकडे भार लादणे हाही व्रताला लागणारा दोषच. कोणाला मारले नाही, उपाशी ठेवले नाही, म्हणून श्रावक निर्दोष ठरत नाही. त्याने किती भार लादला, हेही पाहिले जाते.

6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नावर निर्णय दिला. आपल्या शेजारच्या अमरावतीचे सुपुत्र, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने, माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवली आणि ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. रिक्षा ओढणाऱ्यांची रोजीरोटी जाऊ नये यासाठी त्यांना ई-रिक्षा भाडेतत्त्वावर देण्याची योजना आखावी आणि निधी नाही ही सबब सांगू नये, असेही न्यायालयाने बजावले. दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकला मुभा मिळाली; आतील रस्ते व पायवाटा मात्र मातीच्याच राहाव्यात, असे ठरले.

ई-रिक्षांमुळे घोडेवाल्यांना आपल्या व्यवसायाची धास्ती वाटते, हेही खरे. एकाचे ओझे उतरवताना दुसऱ्याची चूल विझू नये, याची काळजी शासनाने घ्यायची आहे. प्रवाशाच्या हाती जे आहे ते मात्र त्याने करावे. सामान मोजकेच न्यावे. हमालाच्या मजुरीत घासाघीस करू नये. घोड्यावर बसण्यापूर्वी त्याच्या पाठीवर जखम नाही ना, हे पाहावे. वृद्ध व आजारी यांना वाहनाची गरज असते. धडधाकट माणसाने मात्र आपल्या पायांवर विश्वास ठेवावा.

आपले साधू-साध्वी आयुष्यभर पायी विहार करतात. समोरची चार हात भूमी पाहून पाऊल टाकण्याच्या त्या सावधपणाला ईर्यासमिती म्हणतात. गृहस्थाला ते व्रत पूर्णत्वाने पाळणे कठीण; पण माथेरानच्या लाल रस्त्यावर दोन दिवस तरी त्याचा अभ्यास सहज होऊ शकतो. मुलांचे हात धरून, पायाखालच्या मुंग्या चुकवत, स्वतःची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन चालावे. सुटीतून घरी परतताना चिक्कीच्या डब्यासोबत एवढा संस्कार आला, तर ती यात्राच ठरेल.