लोह, कॅल्शियम आणि थायरॉइडची गोळी : किती अंतर ठेवावे?

भनपुरी (रायपूर) परिसरात तुम्ही गरोदरपणाची नोंदणी केली की सरकारी आरोग्य केंद्रातून किंवा मितानिनमार्फत लोह-फॉलिक ॲसिड आणि कॅल्शियमच्या गोळ्या मोफत मिळतात. दोन्ही गोळ्या एकाच वेळी हातात पडतात. पण त्या एकाच वेळी घ्यायच्या नाहीत.

कोणती गोळी किती?
• लोह-फॉलिक ॲसिड (लाल गोळी) : ‘ॲनिमिया मुक्त भारत’ अंतर्गत चौथ्या महिन्यापासून रोज १, किमान १८० दिवस. बाळंतपणानंतरही १८० दिवस.
• कॅल्शियम : रोज २, जेवणासोबत.

अंतर का?
कॅल्शियममुळे लोह शरीरात कमी शोषले जाते. म्हणून दोन्हींत किमान २ तासांचे अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी (थायरॉक्सिन) तर दोन्हींपासून ४ तास दूर हवी. नाहीतर गोळी रोज घेऊनही तिचा पुरेसा उपयोग होत नाही. बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइडवर अवलंबून असते, म्हणून हे महत्त्वाचे आहे.

दिवसाचे वेळापत्रक (उदाहरण)
• सकाळी ६ : थायरॉइडची गोळी, उपाशीपोटी, पाण्यासोबत. चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने.
• दुपारी १२ : जेवणासोबत कॅल्शियम.
• सायंकाळी ७.३० : जेवणासोबत कॅल्शियम.
• रात्री १० : लोहाची गोळी. तिच्या आधी-नंतर तासभर चहा, दूध नको.

डॉक्टरांनी लोहाच्या दोन गोळ्या सांगितल्या असल्यास वेळा त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

घरातील इतरांसाठी
• सिप्रोफ्लॉक्सासिन : लोह किंवा कॅल्शियम घेण्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर.
• वॉरफेरिन (रक्त पातळ करणारे) : ‘के’ जीवनसत्त्व असलेल्या गोळीने परिणाम कमी होतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताकदीची गोळी सुरू करू नका.
• टीबीचे आयसोनियाझिड : यासोबत दिलेली ‘बी-६’ची गोळी बंद करू नका. हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून ती असते.
• सिकलसेल असल्यास तपासणीशिवाय लोहाची गोळी घेऊ नका.

कोठे विचारावे?
दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते. जाताना दुकानातून घेतलेल्या गोळ्यांसह सर्व पाकिटे आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. औषधाचा त्रास झाल्यास १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. आधी तिची वेळ बदलता येते का, ते विचारा.