पंख्याने खोली गार होते का?

एप्रिल उजाडतो, भर दुपारी वीज जाते आणि घरोघरी तेच प्रश्न निघतात. माठातलं पाणी गार कसं होतं? फ्रिजचं दार उघडं टाकलं तर खोली गार होईल का? पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून उन्हाळा होतो ना? विचारणारा वेळ घालवायला विचारतो, ऐकणारा तितक्याच सहज उत्तर देतो, आणि ते उत्तर पुढची वीस वर्षं घरात टिकतं. मला हे प्रश्न फार मोलाचे वाटतात. त्यांची खरी उत्तरं शोधायला प्रयोगशाळा लागत नाही, घरातला माठ आणि भिंतीवरचा तापमापक पुरतो. आणि त्यातल्या एका उत्तरावर तर दर उन्हाळ्यात माणसांचे जीव अवलंबून असतात.

सुरुवात पंख्यापासून करू. बाहेर जाताना पंखा चालू ठेवून जाणारी माणसं सगळीकडे आहेत. "आल्यावर खोली गार मिळते," असं ती म्हणतात. पंखा हवा गार करत नाही, फक्त हलवतो. बंद खोलीत तापमापक टांगून तासभर पंखा चालवून पाहा, पारा खाली येणार नाही. उलट साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत राहते. गार वाटतं ते आपल्या अंगाला. अंगालगतचा दमट, उबदार हवेचा थर पंखा दूर करतो आणि घाम लवकर वाळतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणजे खोलीत माणूस नसेल तर पंख्याला काही कामच नाही.

यातूनच एक गोष्ट निघते, ती फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या त्वचेचं तापमान ३३ ते ३५ अंशांच्या आसपास असतं. खोलीतली हवा त्याहून बरीच तापली की पंखा ती तप्त हवा अंगावर आणून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे, की तापमान ४० अंशांच्या वर गेलं तर नुसत्या पंख्यावर भिस्त ठेवू नये. चंद्रपूर, अकोला, नागपूरच्या मे महिन्यात ही मर्यादा जवळजवळ रोज ओलांडली जाते. तिथे ओला पंचा अंगावर घेऊन पंख्याखाली बसणारी म्हातारी माणसं अगदी योग्य तेच करत असतात.

पंख्याचा वेग कमी केला तर वीज वाचते का, हा वाद रेग्युलेटर कोणता आहे यावर मिटतो. जुना, पेटीसारखा मोठा रेग्युलेटर उरलेली बरीच वीज स्वतःच तापवून घालवायचा, त्यामुळे बचत नावापुरतीच व्हायची. आताच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने ती खरोखर होते.

आता फरशीकडे वळू. शहाबादी फरशीवर पाय ठेवला की गार लागते, शेजारच्या चटईवर ठेवला की लागत नाही. म्हणून आपण म्हणतो, फरशी थंड असते. रात्रभर एकाच खोलीत असलेली फरशी, चटई, स्टीलचा तांब्या आणि लाकडी पाट यांचं तापमान जवळपास सारखंच असतं. दगड आणि धातू आपल्या पायातली, हातातली उष्णता भराभर ओढून नेतात, लाकूड आणि चटई सावकाश. आपला हात वस्तूचं तापमान मोजत नाही, अंगातून उष्णता किती वेगाने जाते आहे तेवढंच त्याला कळतं. हे एकदा लक्षात आलं की उन्हाळ्याबद्दलचे निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात.

घोंगडीचंही तसंच आहे. "घोंगडी ऊब देते" असं आपण म्हणतो, पण तिच्यात देण्यासारखी ऊब नसतेच. ती अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. हीच घोंगडी बर्फाच्या लादीभोवती गुंडाळली तर बाहेरची उष्णता आत जायला वेळ लागतो आणि बर्फ जास्त टिकतो. बर्फवाले लादी भुशात आणि गोणपाटात ठेवतात ते याच कारणाने.

माठाबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण माठाइतकं नेमकं यंत्र दुसरं नाही. "माती थंड असते" हे त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण. माती थंड असती तर माठावर घट्ट प्लास्टिक गुंडाळल्यावरही पाणी गार व्हायला हवं होतं. तसं करून पाहा, पाणी कोमटच राहील. माठाच्या भिंतीला सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपून बाहेर येतं आणि त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ती माठातून आणि आतल्या पाण्यातून घेतली जाते. तेवढी उष्णता काढली तर ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी गार होतं. थोडं पाणी उडून जातं आणि बाकीचं गार करून जातं.

माठाच्या सगळ्या तक्रारींची उत्तरं इथेच आहेत. जुना माठ गार करत नाही, कारण पाण्यातले क्षार आणि शेवाळ साचून छिद्रं बुजतात. तैलरंगाने नक्षी काढलेला माठ देखणा दिसतो, पण जितका रंग तितकी छिद्रं बंद. माठ काळा की लाल, यापेक्षा तो पाझरतो की नाही हे महत्त्वाचं. त्याची जागा सावलीत, वाऱ्याच्या झुळकेत हवी. बंद कपाटाशेजारच्या कोपऱ्यात त्याला काम करता येत नाही. आणि आतून साबण लावू नये, तो छिद्रांत शिरून बसतो. काथ्याने घासून स्वच्छ पाण्याने धुवावा.

नागपूरची माणसं मुंबईत राहायला आली की हमखास म्हणतात, इथल्या माठात दम नाही. दोष माठाचा नाही, हवेचा आहे. पाण्याची वाफ होऊन जितकं खाली जाता येईल तितक्या तापमानाला हवामानशास्त्रात ओल्या गोळ्याचं तापमान म्हणतात, कारण ते तापमापकाच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळून मोजतात. नागपुरात दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ते सुमारे २३ अंश येतं. मुंबईत ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर सुमारे २८ अंश. म्हणजे नागपूरच्या माठाला २० अंशांच्या आसपास वाव आहे आणि मुंबईच्या माठाला जेमतेम सहा. कोरडी हवा वाफ भरभर घेते, समुद्राकाठची हवा आधीच भरलेली असते.

कूलर हा मोठा माठच. म्हणून तो विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात राज्य करतो आणि कोकणात निरुपयोगी ठरतो. कूलर लावून दारं-खिडक्या गच्च बंद करणं ही सर्रास होणारी चूक आहे. तसं केलं की अर्ध्या तासात खोलीतली हवा दमट होते, वाफ होणं मंदावतं आणि अंग चिकचिकू लागतं. कूलर खिडकीशी ठेवावा, बाहेरची कोरडी हवा त्यात जाऊ द्यावी आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवावी. पूर्वी दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडत. तीही हीच युक्ती, फक्त तिला सुगंध असायचा.

बर्फाच्या पाण्याच्या पेल्याबाहेर जे थेंब येतात ते मात्र झिरपलेले नसतात. ते हवेतलं बाष्प असतं, गार पेल्याला लागून त्याचं पाणी होतं.

फ्रिजच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येतं. दार उघडं ठेवलं तर खोली तापेल. फ्रिज आतली उष्णता उपसून मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांतून त्याच खोलीत सोडतो, वर कॉम्प्रेसरला लागलेल्या विजेची उष्णता वेगळी. एसी खोली गार करू शकतो ते त्याचा तापणारा भाग भिंतीपलीकडे असतो म्हणून. 'एसी १६ वर ठेवला की लवकर गार होतं' हाही असाच समज. साध्या एसीचा कॉम्प्रेसर १६ वर ठेवा की २४ वर, सारख्याच जोराने चालतो. १६ वर तो फक्त थांबत नाही. इन्व्हर्टर एसी खोली फार तापलेली असेल तेव्हा मुळातच पूर्ण जोर लावतो. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडच्या तारांकित एसींना कारखान्यातूनच २४ अंशांची खूण करून देणं बंधनकारक झालं. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशोबाने एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

दीड टनाचा एसी दीड टन वजनाचा का नसतो, हे मुलं विचारतात आणि मोठ्यांना सांगता येत नाही. हे माप बर्फाच्या काळातलं आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढी उपसण्याची ताकद म्हणजे एक टन. बर्फ टनांनी मोजला जाई तेव्हा तो खरोखर जहाजातून येत होता. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये तिथल्या तळ्यांतला बर्फ भुशात भरून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडून, आणि तरी बराचसा बर्फ शाबूत पोहोचला. पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला आणि त्यासाठी बर्फघर बांधलं गेलं. चेन्नईतलं बर्फघर अजून उभं आहे, आज ते विवेकानंदांचं स्मारक आहे.

आता सूर्य. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपल्या ऐन थंडीत. तेव्हाचं अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असतं आणि जुलैच्या सुरुवातीला सुमारे १५ कोटी २१ लाख. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून. उन्हाळ्यात आपल्याकडे किरणं उभी पडतात आणि दिवस मोठा असतो.

'दुपारी बाराला सूर्य डोक्यावर' हेही जपून म्हणावं. सबंध महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे इथे सूर्य बरोबर माथ्यावर येतो तो वर्षातून फक्त दोन दिवस. पुण्यात १४ मेच्या सुमारास, मुंबईत १६ मेच्या, नागपुरात २६ मेच्या. दुसरी खेप जुलैत येते आणि ढगांत हरवते. वेळही बाराची नसते. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे, म्हणून त्या दिवशी मुंबईत सावली नाहीशी होते ती साडेबारानंतर पाचेक मिनिटांनी आणि नागपुरात बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. सर्वाधिक तापमान त्याहून उशिरा, अडीच ते चारच्या दरम्यान नोंदलं जातं, कारण जमीन तापून हवा तापायला वेळ लागतो. बारा वाजून गेले की ऊन उतरलं असं धरून शेतात किंवा रस्त्यावर निघणं धोक्याचं आहे.

'पेपरात ४४ छापलंय, माझ्या तापमापकात ५२ दिसलं' ही तक्रारही नेहमीची. उन्हात ठेवलेला तापमापक हवेचं तापमान सांगत नाही, स्वतः किती तापला ते सांगतो. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असतो. ही पेटी ज्याने बनवली तो थॉमस स्टीव्हन्सन हा कादंबरीकार आर. एल. स्टीव्हन्सनचा बाप. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरात ५६ अंशांची बातमी देशभर गेली. तो आकडा एका स्वयंचलित केंद्रावरच्या बिघडलेल्या संवेदकाचा होता, असा खुलासा हवामान खात्याने नंतर केला. बातमी ऐकलेल्या किती जणांपर्यंत खुलासा पोहोचला असेल?

शेवटी कांदा. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हा समज विदर्भ-मराठवाड्यात खोल रुजलेला आहे. भाकरीबरोबर कांदा खावा, त्यात काही वावगं नाही. पण खिशातला कांदा अंगातली उष्णता बाहेर नेऊ शकत नाही. ते काम घामाचं, आणि घामाला पाणी आणि मीठ लागतं. कांद्याच्या भरवशावर पाण्याची बाटली घरी राहिली तर हा समज जीवघेणा होतो. मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, ओआरएसचं पाणी यांचा खरा उपयोग आहे.

उष्माघाताबद्दल आणखी दोन चुका होतात. 'घाम येतोय ना, मग उष्माघात नाही' ही पहिली. उन्हात कष्ट करणाऱ्याला भरपूर घाम येत असतानाही उष्माघात होऊ शकतो. दुसरी, तापाची गोळी देऊन वाट पाहणं. हा ताप आजाराचा नसल्यामुळे त्या गोळीने तो उतरत नाही. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, त्याचं अंग भाजावं तसं तापलं, तर शरीर ४० अंशांच्या पुढे गेलं असं समजा. त्याला सावलीत आणा, कपडे सैल करा, सर्वांगावर पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ असेल तर काखेत, मानेला, जांघेत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पाणी ओतणं सुरू ठेवून दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.