एका ताणाने न सावरणारा खांब : बलं, बलयुग्मं आणि रेंच

एखाद्या वस्तूवर वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या दिशांनी बलं लागली आहेत. त्या सगळ्यांच्या जागी एकच बल ठेवून काम भागेल का? पीएचडीच्या मुलाखतीत हा प्रश्न आला की पहिलं उत्तर बहुधा 'हो, परिणामी बल' असं येतं. कागदाच्या पातळीत, म्हणजे द्विमितीत, ते जवळजवळ बरोबर आहे. उरलं तर नुसतं बलयुग्म उरतं, एवढाच अपवाद. त्रिमितीत मात्र ते उत्तर सर्वसाधारणपणे चूक आहे, आणि ते का चूक आहे हे कळलं की रेंच आपोआप कळतो.

उदाहरण रस्त्यावरचंच घेऊ. टिटवाळ्यात स्टेशनकडून महागणपतीच्या देवळाकडे जाताना वळणावरचे विजेचे खांब बघा. सरळ रस्त्यावरच्या खांबाला दोन्ही बाजूंनी सारखी ओढ असते, पण वळणावरचा खांब एकीकडे ओढला जातो. म्हणून उलट्या बाजूला जमिनीत रोवलेली एक तिरकी तार असते. लाइनमन तिला स्टे म्हणतात, आपण ताण म्हणू. प्रश्न असा की हा ताण किती उंचीवर बांधायचा? आणि एक ताण पुरतो का?

आकडे हिशेबापुरते सोपे घेते. खांबाच्या मध्यरेषेवर ५ मीटर उंचीवर एक तार पूर्वेकडे १००० न्यूटनने ओढते आणि ७ मीटर उंचीवर दुसरी तार उत्तरेकडे तेवढ्याच बलाने. दोन्ही तारा आडव्या आहेत असं धरू. मूळबिंदू खांबाच्या बुंध्याशी, आणि घटक (पूर्व, उत्तर, वर) या क्रमाने.

परिणामी बल सरळ आहे: (१०००, १०००, ०), म्हणजे ईशान्येला सुमारे १४१४ न्यूटन.

आता बुंध्याभोवतीचं आघूर्ण. पहिल्या तारेचं (०, ५०००, ०) आणि दुसरीचं (−७०००, ०, ०). इथे चिन्ह नीट सांभाळा, कारण 'वर' गुणिले 'उत्तर' हा सदिश गुणाकार पश्चिमेकडे जातो. बेरीज (−७०००, ५०००, ०), परिमाण सुमारे ८६०२ न्यूटन-मीटर.

आता आपल्याकडे बुंध्याशी एक बल आणि एक युग्म आहे. कितीही बलं असली तरी इथपर्यंत येता येतंच. युग्माची कल्पना स्वतंत्रपणे मांडली ती लुई प्वाँसो या फ्रेंच गणितज्ञाने, १८०३ च्या स्थितिशास्त्रावरच्या पुस्तकात. त्यातली महत्त्वाची गोष्ट ही की दृढ वस्तूवर युग्म कुठेही सरकवलं तरी परिणाम तोच. बलाचं तसं नाही. बल त्याच्या रेषेवरून बाजूला सरकवलं की आघूर्ण बदलतं, आणि या बदलाचाच आपण फायदा घेणार आहोत.

बल सरकवल्याने आघूर्णात जी भर पडते ती सरकण्याचा सदिश आणि बल यांच्या सदिश गुणाकाराएवढी असते. म्हणजे ती नेहमी बलाला काटकोनातच असणार. तेव्हा आघूर्णाचे दोन तुकडे करा. बलाला काटकोनातला तुकडा बल सरकवून पूर्ण खाऊन टाकता येतो. बलाला समांतर तुकडा मात्र बल कुठेही नेलंत तरी हलत नाही. सगळा सिद्धांत एवढाच आहे, बाकी बीजगणित.

समांतर तुकडा काढू. बल आणि आघूर्ण यांचा अदिश गुणाकार: −७० लाख अधिक ५० लाख, म्हणजे −२० लाख. बलाचा वर्ग २० लाख. भागाकार −१ मीटर. याला पिच म्हणतात. समांतर युग्म म्हणजे पिच गुणिले बल: (−१०००, −१०००, ०). उरलेला काटकोनातला तुकडा (−६०००, ६०००, ०). तो नाहीसा करायला बल किती सरकवायचं? बल आणि आघूर्ण यांचा सदिश गुणाकार भागिले बलाचा वर्ग: (०, ०, ६). म्हणजे सरळ वर ६ मीटर.

तर आपला खांब असा दिसतो: ६ मीटर उंचीवर ईशान्येकडे जाणारी एक आडवी रेषा, तिच्यावरून १४१४ न्यूटनचं बल आणि त्याच रेषेभोवती १४१४ न्यूटन-मीटरचं युग्म. या जोडीचं नाव रेंच आणि रेषेचं नाव मध्य अक्ष. पिच हे नाव स्क्रूवरून आलं आहे. स्क्रू फिरतो तेव्हा पुढेही सरकतो, आणि पिच म्हणजे त्याच्या आट्यांचं माप. या सगळ्याचा पूर्ण सिद्धांत रॉबर्ट बॉलने लिहिला, त्याचा मोठा ग्रंथ १९०० सालचा. आपलं पिच ऋण आलं, म्हणजे आटे उलटे, सायकलच्या डाव्या पेडलसारखे. पिचचं एकक मीटर आहे, हे विद्यार्थी विसरतात. उत्तराचं एकक न्यूटन आलं तर भागाकार तपासा.

आता ताणाकडे वळू. त्याचा आडवा घटक दोन्ही तारांच्या परिणामी बलाएवढा आणि उलटा ठेवू. उभा घटक खांबाच्या मध्यरेषेतून खाली जातो, त्यामुळे बुंध्याशी त्याचं आघूर्ण शून्य. ताण ७ मीटरवर बांधला तर बुंध्याशी २००० न्यूटन-मीटर उरतात. ५ मीटरवर बांधला तरी २०००. ६ मीटरवर १४१४, आणि यापेक्षा कमी कुठेच नाही. मध्य अक्ष म्हणजे जिथे आघूर्ण सर्वांत कमी असतं ती रेषा, ही व्याख्या इथे आकड्यांत दिसते. पण शून्य कधीच होत नाही. एका ताणात एकच बल असतं, त्याचं पिच शून्य, आणि शून्य पिचचं बल −१ पिचच्या रेंचला रद्द करू शकत नाही. खांब पूर्ण मोकळा करायचा तर दोन ताण हवेत, प्रत्येक तारेच्या उलट दिशेला, तिच्याच उंचीवर. मग बुंध्याला फक्त खाली दाबणारं बल उरतं.

एक खबरदारी. 'समतुल्य' हा शब्द दृढ वस्तूपुरताच खरा आहे. पायाला काय सोसावं लागेल ते रेंच बरोबर सांगतो, पण खांबाच्या आत ५ ते ७ मीटरच्या पट्ट्यात वाक किती येईल ते सांगत नाही. तिथे मूळ तारांकडेच परत जावं लागतं. प्रबंधाच्या चर्चेत ही मर्यादा कुणीतरी विचारतंच.

आता उत्तरेची तार २००० न्यूटन करा. मध्य अक्षाची उंची किती? बलाच्या प्रमाणात सरासरी काढली तर ६.३३ मीटर येते, आणि ती चूक आहे. गणित करून बघा, ६.६ येते: (१×५ + ४×७) भागिले ५. तारा एकमेकींना काटकोनात असल्यामुळे इथे बलांच्या वर्गांचं वजन लागतं. पिच −०.८ मीटर. दोन बलांचं प्रमाण बदलत नेलं की अक्ष वर-खाली होत होत फिरतो आणि एक पृष्ठभाग आखतो. बॉलने त्याला सिलिंड्रॉइड म्हटलं. रोबोटिक्समध्ये जाणाऱ्यांना तो पुन्हा भेटेल.

प्रयोगशाळेत हे कुठे लागतं? रोबोटच्या मनगटातला सेन्सर सहा आकडे देतो, बलाचे तीन आणि आघूर्णाचे तीन. आघूर्णाचे तीन आकडे कोणत्या बिंदूभोवतीचे ते लिहिलं नसेल तर ते निरर्थक आहेत. बल आणि त्याचा आघूर्णाशी अदिश गुणाकार, या दोनच राशी मूळबिंदू बदलला तरी बदलत नाहीत. दोन प्रयोगशाळांची मोजमापं जुळवताना सर्वांत आधी त्या तपासाव्यात.

चालण्याचा अभ्यास करणारे फोर्स प्लेट वापरतात. ती जो दाबबिंदू देते त्याला काही जण मध्य अक्षाचा प्लेटवरचा छेद समजतात. तसं नाही. दाबबिंदूशी आघूर्णाचे आडवे घटक शून्य होतात आणि उरतं ते प्लेटला लंब असतं. बल तिरकं असेल तर ते आघूर्ण बलाला समांतर नसतं, म्हणून तो रेंच नव्हे. आणि पाय टेकताना किंवा उचलताना बल शून्याजवळ असतं तेव्हा दोन्हींची जागा रानोमाळ उड्या मारते, कारण भागाकारात खाली बल आहे. म्हणून बलाला एक किमान मर्यादा ठरवून त्याखालचे नमुने गाळायचे, आणि ती मर्यादा किती घेतली ते पद्धतीच्या प्रकरणात आकड्यासकट लिहायचं.